गोपन आणि रक्षण : समुपदेशनातील गोपनीयतेचा इतिहास

१

मराठीत 'षट्कर्णी होणे' असा एक वाक्प्रचार रूढ आहे. एखादी गोष्ट बोलणाऱ्याचे दोन आणि ऐकणाऱ्याचे दोन, अशा चार कानांपुरती आहे तोवर ती सुरक्षित. तिसऱ्या माणसाचे कान तिला लागले की ती फुटली, असा त्याचा अभिप्राय होय. समुपदेशन हा मुळात चार कानांचा व्यवहार आहे. आपले दुःख, भय किंवा अपराध घेऊन एक माणूस येतो, दुसरा ते ऐकतो, आणि ऐकलेले तेथेच राहील या भरवशावर पहिल्याला बोलणे शक्य होते. परंतु गेल्या शतक-सव्वाशतकात या दोघांच्या मध्ये नोंदवही, दप्तर, ध्वनिमुद्रण यंत्र, टेलिफोन, न्यायालयाचे समन्स आणि अखेरीस संगणक अशा कितीतरी गोष्टी येऊन बसल्या. त्यामुळे गोपनीयता या शब्दाने नेमके कशाचे अभिवचन दिले जाते, हा प्रश्न उत्तरोत्तर बिकट होत गेला. त्या अभिवचनाचा इतिहास स्थूलमानाने मांडणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

'गोपनीय', 'गुप्त', 'गुपित' हे सर्व शब्द संस्कृत 'गुप्' धातूशी जोडले जातात. धातुपाठात या धातूचा अर्थ 'रक्षण' असा दिलेला आहे. 'लपविणे' हा अर्थ मागाहून बळावला. भाषाशास्त्रज्ञ याहून एक पायरी मागे जातात. त्यांच्या मते हा धातू स्वतः मूळचा नसून गाईंचा राखणदार या अर्थाच्या 'गोपा' या वैदिक शब्दापासून तो मागाहून निष्पन्न झाला. म्हणजे आज ज्याला आपण 'गुपित' म्हणतो त्याच्या मुळाशी राखण करणारा गुराखी उभा आहे. 'जुगुप्सा' हा शब्दही याच धातूचा. स्वतःला जपण्याची, म्हणजे किळसवाण्या वस्तूपासून अंग चोरून घेण्याची इच्छा हा त्याचा मूळ आशय. लाज, किळस आणि रक्षण यांचे हे सख्य समुपदेशकाच्या खोलीत नित्य प्रत्ययास येते. एवढे शब्दविवेचन करण्याचे कारण असे की, गोपनीयतेच्या इतिहासातही हेच दोन अर्थ एकमेकांशी झगडताना दिसतात. गोपनीयता म्हणजे न सांगणे की राखणे, या प्रश्नाभोवती तो सारा इतिहास फिरतो. प्रारंभी पहिल्या अर्थाचे प्राबल्य होते. विसाव्या शतकात दुसरा अर्थ हळूहळू वर आला.

२

प्राचीन काळी समुपदेशक नावाचा स्वतंत्र व्यावसायिक नव्हता. त्याचे काम वैद्य आणि धर्मगुरू यांच्याकडे वाटलेले होते. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात वैद्यविद्येच्या शिष्याला द्यावयाचा उपदेश आलेला आहे. रुग्णाच्या घरात शिरल्यावर तेथील कुटुंबाचे जे वर्तन दृष्टीस पडेल ते बाहेर नेऊ नये, असे त्यात स्पष्ट बजावले आहे. त्याच ओघात आणखी एक सूक्ष्म सूचना आहे : रुग्णाचे आयुष्य सरत आले आहे हे कळले तरी, जेथे ते सांगितल्याने रुग्णाला किंवा दुसऱ्या कोणाला धक्का बसेल तेथे ते सांगू नये. बाहेर न नेण्याची आणि आतही जपून बोलण्याची, अशा दोन्ही मर्यादा येथे एकत्र आल्या आहेत.

ग्रीक वैद्यांची हिपॉक्रॅटिसच्या नावाने ओळखली जाणारी शपथ याच जातीची आहे. उपचारांच्या निमित्ताने किंवा एरवीही जे पाहिले-ऐकले जाईल, त्यातील बाहेर बोलण्याजोगे नसेल त्याविषयी मौन पाळण्याचे वचन वैद्य तीत देतो. परंतु बोलण्याजोगे काय आणि न बोलण्याजोगे काय याचा निवाडा शपथ घेणाऱ्या वैद्याकडेच राहतो. रुग्णाला त्याबाबत विचारण्याची कल्पना तेथे नाही. गोपनीयता हा वैद्याच्या शीलाचा अलंकार होता. तो रुग्णाचा हक्क नव्हता.

ख्रिस्ती धर्मसंस्थेत ही कल्पना अधिक कडक झाली. इसवी सन १२१५ मध्ये रोम येथे भरलेल्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने आपल्या एकविसाव्या नियमान्वये प्रत्येक प्रौढ ख्रिस्ती स्त्री-पुरुषाने वर्षातून निदान एकदा धर्मगुरूपुढे पापाची कबुली दिली पाहिजे, असे ठरविले. त्याच नियमात धर्मगुरूवरही बंधन घातले गेले. त्याने कबुलीतील काहीही शब्दाने, खुणेने किंवा अन्य कोणत्याही रीतीने उघड करू नये. केल्यास त्याला पदावरून दूर करून आमरण प्रायश्चित्तासाठी कडक शिस्तीच्या मठात डांबावे. बोलण्याची सक्ती आणि मौनाची सक्ती एकाच दिवशी, एकाच नियमाने अस्तित्वात आली, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. ज्या समाजाला माणसाकडून त्याचे अंतरंग वदवून घ्यावयाचे असते, त्याला ऐकणाऱ्याच्या मुखाला कुलूप घालणे भाग पडते.

३

धर्म आणि शील यांच्या कक्षेतून गोपनीयता कायद्याच्या कक्षेत येऊ लागली ती अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत. आणि तेथे येताच तिचे दोन मार्ग झाले.

इंग्लंडमध्ये १७७६ साली डचेस ऑफ किंग्स्टन हिच्यावर द्विभार्याप्रतिबंधाच्या धर्तीवर, म्हणजे पहिला विवाह लपवून दुसरा केल्याबद्दल, उमरावांच्या सभागृहापुढे खटला चालला. तिच्या शल्यवैद्याला साक्षीस बोलाविले असता, व्यवसायाच्या नात्याने विश्वासाने कळलेली गोष्ट सांगण्यास आपण बांधलेले आहोत काय, असा प्रश्न त्याने उपस्थित केला. लॉर्ड मॅन्सफील्ड यांचे उत्तर पुढे दीर्घकाळ प्रमाण मानले गेले. शल्यवैद्याने आपण होऊन अशी गुपिते फोडली तर तो प्रतिष्ठेला बट्टा लावणारा अपराध ठरेल. पण न्यायालयात विचारले असता सांगणे हा मुळीच दोष नव्हे, असा त्यांच्या निर्णयाचा आशय होता. थोडक्यात, वैद्याचे मौन समाजात शोभून दिसे. साक्षीच्या पिंजऱ्यात त्याला किंमत नव्हती.

फ्रान्सने दुसरा मार्ग धरला. १८१० च्या फ्रेंच दंडसंहितेच्या ३७८ व्या कलमाने वैद्य, शल्यवैद्य, औषधविक्रेते, सुइणी आणि ज्यांच्याकडे आपल्या पदामुळे वा व्यवसायामुळे गुपिते सोपविली जातात अशा इतर सर्वांना ती फोडल्याबद्दल एक ते सहा महिने कैद आणि १०० ते ५०० फ्रँक दंड अशी शिक्षा ठेवली. या कलमात अशा व्यक्तींसाठी जो शब्द योजला आहे त्याचा अर्थ 'ठेव सांभाळणारे' असा होतो. गुपित ही ठेव आहे, ती ठेवणाऱ्याची आहे आणि सांभाळणारा केवळ तिचा राखणदार आहे, ही कल्पना येथे कायद्याच्या भाषेत प्रथमच ठसठशीतपणे उतरली. 'इतर सर्व' या शब्दांमुळे, त्या वेळी अस्तित्वातही नसलेल्या व्यवसायांना पुढे या कलमाच्या छायेत येता आले. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने १८२८ साली वैद्य आणि रुग्ण यांच्यातील बोलण्याला साक्षीपासून संरक्षण देणारा कायदा केला, तोही इंग्लंडची वाट सोडूनच.

हिंदुस्थानच्या वाट्याला मात्र इंग्लंडचा वारसा आला. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी सिद्ध केलेल्या १८७२ च्या पुरावा कायद्यात १२६ ते १२९ या कलमांनी बॅरिस्टर, अॅटर्नी, प्लीडर व वकील यांना अशिलाने सांगितलेल्या गोष्टींस संरक्षण मिळाले. १२२ व्या कलमाने पति-पत्नींमधील बोलण्यास मिळाले. वैद्य आणि धर्मगुरू यांचा उल्लेख त्यात नाही. समुपदेशकाचा असणे शक्यच नव्हते. १ जुलै २०२४ पासून या कायद्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली, परंतु ही विभागणी जशीच्या तशी कायम राहिली. अशिलाचे गुपित वकिलाजवळ जितके निर्धोक आहे, तितके दुःखिताचे गुपित समुपदेशकाजवळ नाही, हे वास्तव दीडशे वर्षांत पालटलेले नाही.

४

आतापर्यंतचा इतिहास जिभेचा होता. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यात कागद आला, आणि प्रश्नाचे स्वरूपच बदलले.

१९०० सालाच्या अखेरच्या तीन महिन्यांत व्हिएन्ना येथे सिग्मुंड फ्रॉइड यांच्याकडे एका तरुणीवर उपचार झाले. तिची हकीकत त्यांनी लगेच लिहून काढली, पण प्रसिद्ध केली ती १९०५ साली, 'डोरा' या टोपणनावाखाली. त्या लेखाच्या प्रास्ताविकात त्यांनी गोपनीयतेची चर्चा केली आहे. नाव बदलणे, काळ जाऊ देणे, केवळ तज्ज्ञांच्या नियतकालिकात छापणे अशी आपण घेतलेली खबरदारी त्यांनी नमूद केली, आणि रुग्णाप्रमाणेच शास्त्राविषयीही वैद्याचे कर्तव्य असते, असा युक्तिवाद केला. व्हिएन्नातील काही वैद्य हा लेख शास्त्र म्हणून न वाचता कोणाची तरी खरी हकीकत ओळखण्याच्या हौसेने वाचतील, ही भीतीही त्यांनी लपविली नाही. पुढे संशोधकांनी त्या तरुणीचे खरे नाव शोधून काढलेच. टोपणनाव हे कुलूप खरे. पण त्याची किल्ली बहुधा त्या हकीकतीतच असते. मनोविश्लेषणाने मानवजातीला जे ज्ञान दिले ते अशा उघड झालेल्या गुपितांच्या आधाराने दिले, आणि त्याचे मोल कोणी चुकविले हा प्रश्न त्या शास्त्राच्या जन्मापासून त्याला चिकटलेला आहे.

अमेरिकेतील समाजकार्यात कागदाचा प्रवेश याहून पद्धतशीर झाला. १९०८ साली बॉस्टन येथे फ्रँक पार्सन्स यांनी व्यवसाय मार्गदर्शनाचे केंद्र काढले; समुपदेशनाच्या आधुनिक पर्वाचा आरंभ सामान्यतः येथून धरतात. मेरी रिचमंड यांनी १९१७ च्या 'सोशल डायग्नोसिस' या ग्रंथात गरजू कुटुंबाची माहिती कोठून व कशी मिळवावी, ती कशी ताडून पहावी आणि तिची नोंद कशी ठेवावी याचे शास्त्रच सांगितले. कोणते कुटुंब कोणकोणत्या संस्थेकडे जाऊन आले याची मध्यवर्ती सूची बॉस्टनसारख्या शहरांत त्यापूर्वीच तयार झाली होती. मदतीची पुनरुक्ती टळावी हा तिचा हेतू होता. त्या सूचीला 'गोपनीय देवघेव' अशा अर्थाचे नाव होते. ज्याची देवघेव होते ते गोपनीय कसे, हा विरोध त्या काळी फारसा कोणाला खटकला नाही. कारण गोपनीयता म्हणजे व्यावसायिकांच्या वर्तुळाबाहेर न जाणे, असा तिचा अर्थ एव्हाना ठरून गेला होता. चार कानांची गोष्ट आता एका संपूर्ण कचेरीची झाली.

हीच पद्धत मुंबईत आली. १९३६ साली स्थापन झालेल्या सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने, म्हणजे आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने, १९३७ साली मुंबईत बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. मूल, त्याचे आईबाप, शाळा, वैद्य आणि समाजकार्यकर्ता अशा अनेकांच्या सहभागाने असे केंद्र चालते. मुलाने सांगितलेली गोष्ट आईबापांना सांगावी काय, आईने सांगितलेली बापाला सांगावी काय, हे प्रश्न त्याच्या रचनेतच अनुस्यूत असतात.

याच काळात महाराष्ट्रात सल्ल्याचा आणखी एक मार्ग रुळत होता, तो छापील पानाचा. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ ते १९५३ या काळात 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालविले. कुटुंबात किंवा वैद्यापुढे ज्याचा उच्चार करणे अशक्य होते अशा लैंगिक अडचणी वाचक त्यांना कळवीत आणि उत्तरे मासिकात प्रसिद्ध होत. १९३४ साली त्यांच्यावर जो अश्लीलतेचा खटला झाला, त्यात वाचकांच्या अशा प्रश्नांना दिलेली उत्तरे हाच आक्षेपाचा विषय होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. तथापि कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. समुपदेशनाच्या इतिहासात या प्रसंगाचे महत्त्व वेगळे आहे. प्रश्न व्यक्तीचा आणि उत्तर सर्वांचे, अशी ही योजना होती. आणि दंड झाला तो प्रश्न विचारणाऱ्यांना नव्हे, उत्तर देणाऱ्याला. सल्लार्थीची झळ सल्लागाराने स्वतःवर घेणे हाही राखणदारीचाच एक प्रकार होय.

कागदानंतर ध्वनी आला. कार्ल रॉजर्स यांनी ओहायो येथे मुलाखतींचे ध्वनिमुद्रण केले आणि १९४२ च्या आपल्या समुपदेशनावरील ग्रंथात एका सल्लार्थीशी झालेल्या आठ मुलाखती टोपणनावाने शब्दशः छापल्या. सल्लार्थीला दिशा दाखवू नये, त्याचे त्याला उमगू द्यावे, अशी रॉजर्स यांची शिकवण होती. 'समुपदेशन' या आपल्या शब्दात मात्र दिशा दाखविणारा 'दिश्' धातू ठाण मांडून बसला आहे, हा शब्दसिद्धीचा एक विनोद म्हणावा लागेल. ते असो. ध्वनिमुद्रणामुळे समुपदेशन शिकविता येऊ लागले, तपासता येऊ लागले. आणि त्याच क्षणी सल्लार्थीचे उसासे आणि अडखळणेसुद्धा दप्तरात जमा होऊ लागले.

५

दुसऱ्या महायुद्धानंतर गोपनीयतेची कसोटी पाहणारे प्रसंग एकामागून एक आले. त्यांपैकी चार येथे विचारात घेणे पुरेसे आहे.

पहिला लंडनचा. २ नोव्हेंबर १९५३ रोजी चॅड व्हारा या धर्मोपदेशकाने आत्महत्येच्या विचाराने ग्रासलेल्यांसाठी टेलिफोनवरून ऐकण्याची सेवा सुरू केली. तीच पुढे 'समॅरिटन्स' या नावाने प्रसिद्धीस आली. बोलणाऱ्याला नाव सांगण्याची गरज नव्हती. या निनावीपणाचे मोल कळण्यास एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते : इंग्लंडमध्ये आत्महत्येचा प्रयत्न १९६१ पर्यंत गुन्हा होता. म्हणजे त्या आठ वर्षांत टेलिफोन करणारा माणूस सहानुभूतीप्रमाणेच तुरुंगाच्या भयापासून आडोसाही शोधत होता. नोंदच नसेल तर फुटण्यासारखे काही उरत नाही, हे तत्त्व येथे प्रथमच एका संस्थेने आचरणात आणले.

दुसरा प्रसंग नेमका याच्या उलट. ३ सप्टेंबर १९७१ च्या सुमारास व्हिएतनाम युद्धाविषयीची गुप्त कागदपत्रे उघड करणाऱ्या डॅनियल एल्सबर्ग यांच्या मनोविश्लेषकाचा कॅलिफोर्नियातील दवाखाना फोडण्यात आला. हे काम अमेरिकेच्या अध्यक्षांच्या कचेरीतून चालविलेल्या गुप्त पथकाचे होते. उपयोगाचे काही हाती लागले नाही. उलट हे प्रकरण उघडकीस आल्यावर मे १९७३ मध्ये एल्सबर्ग यांच्यावरील खटलाच निकालात निघाला. दवाखान्यातील ते कागदांचे कपाट आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मनोविश्लेषकाने एक शब्दही उच्चारला नव्हता. मौन पूर्णपणे पाळूनही गुपित धोक्यात येऊ शकते, याचे ते कपाट साक्षीदार होय.

तिसरा प्रसंग सर्वांत दारुण. १९६९ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील एका विद्यार्थ्याने, आपण एका तरुणीचा जीव घेणार असल्याचे विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञाजवळ बोलून दाखविले. मानसशास्त्रज्ञाने विद्यापीठाच्या पोलिसांना कळविले. पोलिसांनी त्याला ताब्यात घेतले, आणि तो शहाण्यासारखा बोलतो असे पाहून सोडून दिले. त्या तरुणीला किंवा तिच्या आईबापांना कोणीही काही सांगितले नाही. २७ ऑक्टोबर १९६९ रोजी तिचा खून झाला. आईबापांनी भरलेला दावा तारासॉफ खटला या नावाने ओळखला जातो. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली, धोक्यात असलेल्या व्यक्तीला सावध करणे हे चिकित्सकाचे कर्तव्य ठरविले. फेरसुनावणीनंतर १९७६ साली शब्द बदलून, तिच्या रक्षणासाठी वाजवी काळजी घेणे हे कर्तव्य असल्याचे सांगितले. 'सावध करणे' येथून 'रक्षण करणे' येथवर झालेला हा शब्दपालट महत्त्वाचा आहे. गोपनीयतेच्या भिंतीपलीकडे असलेल्या, खोलीत कधी पाऊलही न टाकलेल्या एका तिसऱ्या माणसाचा जीव या व्यवहारात प्रथमच मोजला गेला.

चौथा प्रसंग १९९६ चा. इलिनॉय राज्यातील एका पोलीस अधिकारी स्त्रीने १९९१ साली कर्तव्यावर असताना गोळी झाडून एका माणसाला मारले आणि त्यानंतर एका समाजकार्यकर्तीकडे सुमारे पन्नास वेळा समुपदेशन घेतले. मृताच्या नातलगांनी त्या भेटींची टिपणे न्यायालयात मागितली. ती देण्यास नकार मिळाला. जॅफी विरुद्ध रेडमंड या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी त्या नकाराला मान्यता दिली, आणि हे संरक्षण मनोविकारतज्ज्ञांपुरते न ठेवता परवानाधारक समाजकार्यकर्त्यांनाही लागू केले. गोपनीयता पाळावयाची की नाही हे पुढे एखादा न्यायाधीश प्रसंग पाहून ठरविणार असेल, तर सल्लार्थीच्या दृष्टीने त्या अभिवचनाला काहीच अर्थ उरत नाही, असे बहुमताचे म्हणणे होते. दुसऱ्याच्या जिवाला गंभीर धोका असेल तेथे अपवाद संभवतो, हेही निकालाच्या टीपेत मान्य केलेले आहे.

६

भारतात हा विचार मुख्यतः गेल्या तीन-चार दशकांतील आहे, आणि तो एकसंध नाही.

१९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा अशा वादांत समुपदेशकाला न्यायसंस्थेच्या चौकटीत स्थान दिले. या कायद्याखाली महाराष्ट्रात जे नियम झाले त्यांत समुपदेशकाने मिळविलेली माहिती, त्याच्यापुढे झालेली विधाने व त्याची टिपणे गोपनीय मानण्यात आली, आणि दोन्ही पक्षांच्या संमतीवाचून ती न्यायालयात उघड करण्यास त्याला भाग पाडू नये असे ठरले. भारतीय कायद्यात समुपदेशकाच्या मौनाला मिळालेली ही एक दुर्मिळ मान्यता होय. परंतु २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने, मुलाच्या ताब्याच्या प्रकरणात मुलाशी बोलून केलेला समुपदेशकाचा अहवाल या गोपनीयतेत बसत नाही, असा निर्णय दिला. मुलाचे हित ठरविण्यासाठी न्यायालयाला तो पाहणे आवश्यक आहे, अशी त्यामागची भूमिका होती.

१९९८ सालचा 'श्री. एक्स विरुद्ध हॉस्पिटल झेड' हा खटला अधिक गाजला. रक्त तपासताना एका व्यक्तीला एचआयव्हीची बाधा असल्याचे आढळले, ती वार्ता बाहेर गेली, ठरलेला विवाह मोडला आणि त्या व्यक्तीला आपले गाव सोडावे लागले. गोपनीयतेचे कर्तव्य आहे, पण नियोजित वधूच्या जिवाचा हक्क त्याहून मोठा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. बाधित व्यक्तीच्या विवाहाच्या हक्काविषयी त्या निकालात जी विधाने झाली होती ती अनावश्यक असल्याचे त्याच न्यायालयाने २००२ साली स्पष्ट केले. निकाल योग्य की अयोग्य हा वाद बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट उरते. नियोजित वधूला सावध करणे आणि वार्ता गावभर होणे या भिन्न गोष्टी आहेत. पहिलीच्या समर्थनाने दुसरीचे समर्थन होत नाही.

हा भेद कायद्याने ओळखला तो २०१७ सालच्या एचआयव्हीविषयक कायद्यात. त्यानुसार जोडीदाराला बाधेची माहिती देण्याचा अधिकार केवळ वैद्याला किंवा समुपदेशकाला आहे, आणि तोही पायरीपायरीने : जोडीदाराला खरोखर मोठा धोका असला पाहिजे; आपण होऊन सांगण्याविषयी बाधित व्यक्तीला समुपदेशन दिलेले असले पाहिजे; ती सांगणार नाही अशी खात्री पटली पाहिजे; आणि आता आपण सांगणार आहोत हे तिला आधी कळविले पाहिजे. बोलावेच लागले तर कोणी, कोणाला, केव्हा आणि किती बोलावे याची ही शिस्त आहे. 'न सांगणे' आणि 'राखणे' यांतील अंतर भारतीय कायद्यात इतक्या स्पष्टपणे क्वचितच मांडले गेले असेल.

त्याच वर्षी झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या २३ व्या कलमाने गोपनीयता हा मनोरुग्णाचा हक्क ठरविला. हानी टाळणे, जिवाचा धोका, सार्वजनिक सुरक्षितता, न्यायालयाचा वा मंडळाचा आदेश असे अपवाद तेथे मोजून दिले आहेत. संगणकावर साठविलेल्या माहितीलाही २४ व्या कलमाने संरक्षण आहे. तथापि हा कायदा मानसिक आजारावर उपचार करणाऱ्यांना उद्देशून आहे. परीक्षेच्या भीतीने शाळेतील समुपदेशकाकडे गेलेला मुलगा किंवा संसारातील कुरबुरीसाठी सल्ला केंद्रात आलेली स्त्री ही मनोरुग्ण नव्हेत, आणि त्यांना या कलमाची छाया कितपत लाभते हे संदिग्धच आहे. उलट, बालकांवरील लैंगिक अत्याचारांविषयीच्या २०१२ च्या कायद्याने अशा अपराधाची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळविण्याचे बंधन घातले. न कळविल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सतरा वर्षांची मुलगी स्वखुशीच्या प्रेमसंबंधाविषयी बोलू लागली तरी समुपदेशकापुढे हे कलम उभे राहते. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, अल्पवयीन मुलीने गर्भपातासाठी वैद्याकडे धाव घेतली असता, तिची व पालकांची विनंती असल्यास वैद्याने पोलिसांना द्यावयाच्या माहितीत तिची ओळख उघड करू नये, असा मार्ग काढला. समुपदेशकासाठी असा मार्ग अद्याप कोणी आखून दिलेला नाही.

७

अखेरचे पर्व संगणकाचे. फिनलंडमधील 'वास्तामो' या मानसोपचार कंपनीच्या दप्तरातील नोंदी चोरीस गेल्याचे ऑक्टोबर २०२० मध्ये उघडकीस आले. हजारो रुग्णांची चिकित्सकाशी झालेली बोलणी त्यांत होती. खंडणी देण्यास कंपनीने नकार दिल्यावर चोराने थेट रुग्णांना पत्रे धाडून प्रत्येकाकडे २०० युरो मागितले, आणि काही नोंदी उघड केल्या. कंपनीचे दिवाळे निघाले. नोंदींच्या संरक्षणातील हलगर्जीपणाबद्दल तिला ६,०८,००० युरो दंड झाला. येथे एकाही चिकित्सकाने आपले मौन मोडले नव्हते. चरकाच्या शिष्याला किंवा हिपॉक्रॅटिसच्या अनुयायाला दोष देता येईल असे कोणी काही केलेच नव्हते. शील शाबूत होते. राखण ढिली होती.

भारतात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. 'खासगी' हा शब्द मराठी दप्तरांत एके काळी राज्यकर्त्याच्या घराण्याची स्वतःची मालमत्ता व कारभार यांसाठी योजला जाई. होळकरांची खासगी प्रसिद्धच आहे. जे राजघराण्यापुरते होते ते आता प्रत्येक नागरिकाचे झाले. त्यानंतर २०२३ साली वैयक्तिक डिजिटल विदेच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाच्या रीतीने प्रसृत झाले. माहिती गोळा करणाऱ्या संस्थेला या कायद्यात 'फिड्युशियरी', म्हणजे विश्वस्त, असे म्हटले आहे. गोपनीयतेसाठी इंग्रजीत रूढ असलेला 'कॉन्फिडेन्स' आणि हा 'फिड्युशियरी', हे दोन्ही शब्द विश्वास या अर्थाच्या एकाच लॅटिन कुळातले आहेत. फ्रेंच दंडसंहितेतील 'ठेव सांभाळणारा' आणि वेदांतील 'गोपा' यांच्याशी त्याचे नाते सहज जुळते. मात्र २०११ च्या नियमांनी मानसिक आरोग्याविषयीच्या माहितीला जो संवेदनशील असा वेगळा दर्जा दिला होता, तसा दर्जा २०२३ च्या कायद्यात कोणत्याही माहितीला नाही. दुकानातील खरेदीची नोंद आणि समुपदेशकाचे टिपण यांना तो एकाच मापाने मोजतो. ही उणीव लहान नाही.

या दीर्घ इतिहासातून निघणारे तात्पर्य असे की, गोपनीयता हा एका माणसाच्या मौनाचा गुण राहिलेला नाही. ती अनेकांनी मिळून करावयाची राखण आहे. राखणदाराला काय राखावयाचे, काय मुळात साठवूच नये, कोणत्या प्रसंगी हाक द्यावयाची आणि ती कोणाच्या कानी जावी, हे सारे ठरवावे लागते. संपूर्ण मौनाचे अभिवचन आज कोणताही समुपदेशक खरेपणाने देऊ शकत नाही. न्यायालय, पोलीस आणि संगणक यांपैकी कोणीतरी ते मोडू शकेल. देता येण्याजोगे अभिवचन एकच आहे : काय राखले जाईल आणि काय राखता येणार नाही, हे सल्लार्थीने तोंड उघडण्यापूर्वी त्याला साध्या शब्दांत सांगणे. तारासॉफ खटल्यापासून एचआयव्हीच्या कायद्यापर्यंतचा सारा विचार या एका पूर्वसूचनेपाशी येऊन थांबतो.

'विश्वास' या शब्दात 'श्वस्' हा श्वास घेण्याचा धातू आहे. निर्धास्तपणे श्वास घेता येणे हा त्याचा मूळचा अर्थ. मर्यादा ठाऊक असूनही ज्याला समुपदेशकाच्या खोलीत असा श्वास घेता येतो, त्याचेच गुपित खऱ्या अर्थाने गुप्त, म्हणजे रक्षिलेले, होय.